फितीच्या कड्यात अडकलेलं वाक्य

मित्रांनो, मराठवाड्याच्या संगीतात क्रांती कुणी केली असेल, तर ती मी केली. सध्या माझ्या डोक्यावर कैरीच्या लोणच्याची बरणी आहे.

मी एक जुना, स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे, आणि मी संतापलेलो आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा हळव्या असतात. फाटकी छत्रीसुद्धा डोळे पुसत बोलते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतं ते सेलूच्या रंगनाथचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. कुठल्याशा कचेरीने मला मोडीत काढलं होतं. रंगनाथने हातभर फीत कापली, दोन्ही टोकं चिकटवली आणि तिचं कडं केलं. लाल बटण दाबून जे चार-पाच सेकंद भराल, ते मी गोल गोल, न थकता वाजवत राहणार. पुन्हा लाल बटण दाबलं, तर जुन्यावर नवं चढणार. जुनं पुसलं जाणार नाही, पुसायचा भागच त्याने काढून टाकला होता.

असा मी वालूरच्या सूर्यभानच्या गायन पार्टीत दाखल झालो. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची ती वर्षं. सूर्यभान त्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला. आवाज असा, की त्याला कर्ण्याची गरज नव्हती, कर्ण्यालाच त्याची होती. ढोलकी सितारामची. गाण्याच्या सुरुवातीला सिताराम साधा ठेका धरायचा, मी तो पकडायचो, आणि मग माझ्या ठेक्यावर तो निराळेच बोल वाजवायचा. एका सितारामचे दोन सिताराम! लोक ढोलकीवाले मोजायचे आणि चुकायचे.

यात एक गोम होती. मला ऐकू येतं, पण थांबता येत नाही. म्हणून बाकीच्यांनी माझं ऐकायचं असतं. त्यात येलदरीच्या धरणावरून निघालेली वीज वालूरला पोचेपर्यंत दमते, आणि ती दमली की मीही रेंगाळतो. सूर्यभान आपला पुढे पळायचा आणि वळून मलाच डोळे वटारायचा. सिताराम तेवढा माझ्याकडे कान लावून आम्हा दोघांना जुळवून घ्यायचा.

"पार्टीत वाजवणं म्हंजे निम्मं ऐकणं असतंय," तो म्हणायचा. तेही कुणी ऐकत नसे.

एका चौदा एप्रिलला, ऊन उतरताना, गावातच कार्यक्रम होता. स्टेज बारा फुटांचं, पाहुणे चौदा, आणि प्रत्येकाला खुर्ची. गाणं सूर्यभानने स्वतः रचलेलं: 'पंगतीतून उठवलं ज्याला, त्याचं पान वाढा आधी.' सितारामने ठेका धरला. सूर्यभानने लाल बटण दाबून धरलं होतं. तेवढ्यात पंधरावे पाहुणे, दिनकरराव, पायरीवर उगवले. सूर्यभान सितारामच्या कानाशी वाकला. तो कान माझ्या माइकपासून वीतभर.

"उठ सिताराम, आता तुझं काय काम?"

मग बटण सोडून म्हणाला, "खुर्ची ठिवायची हाय."

सितारामने ढोलकी उचलली, खाली उतरला आणि चपला शोधू लागला. ढोलकीच्या जागी खुर्ची आली. सूर्यभानने मला सुरू केलं, हात उंचावला, आणि दोन्ही कर्ण्यांतून अख्ख्या वालूरला ऐकू आलं: ठेका, आणि ठेक्याच्या शेपटाला, "उठ सिताराम, आता तुझं काय काम?"

पहिल्या फेरीला लोकांना वाटलं, गाण्यातलंच असेल. दुसऱ्या फेरीला सूर्यभान 'पंगतीतून उठवलं ज्याला' म्हणत होता आणि मी मागून सितारामला उठवत होतो. तिसऱ्या फेरीला बायांमधून सितारामची बायको चतुराबाई उभी राहिली.

"त्येला काय इचारतूस? तू उठ की सूर्यभान!"

मी पुन्हा विचारलं. पाच-सहा बाया ओरडल्या, "तूच उठ!" पुढच्या फेरीला सगळा मांडव, तोही बरोबर समेवर. माझं ऐकून साथ करायची अक्कल त्या दिवशी गावाला होती, पार्टीला नव्हती.

सूर्यभान माझ्यावर झेपावला आणि घाबरून त्याने लाल बटणच दाबलं. आता प्रश्न आणि उत्तर दोन्ही मीच वाजवू लागलो. दिनकरराव आपणहून उठले. शेवटी कर्णे सांभाळायला आलेल्या रंगनाथने वायर उपटली.

सूर्यभानने घाम पुसला. मग ती खुर्ची स्वतः उचलून खाली ठेवली.

"सितारामदादा, ये," तो म्हणाला. माइकशिवाय.

सिताराम आला, बसला, ढोलकीची दोरी ताणली. "आधी माझं ऐक. मंग गा."

गाणं झालं. चांगलं झालं.

गोड वाटलं ना? मग पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी पार्टीची बैठक भरली आणि एकमताने दोषी मी ठरलो.

"मशीनला अक्कल न्हाई," सूर्यभान म्हणाला. "कुटं काय बोलावं, कळत न्हाई."

अरे, बोललास तू! मी फक्त ऐकलं! आणि एकमत म्हणजे त्यात सितारामचंही मत आलं. त्यानेही मान हलवली. ज्याला पार्टीतून उठवलं म्हणून मी गावभर बोंब ठोकली, त्याच्याच संमतीने मला पार्टीतून उठवलं, माझं कडंही काढून घेतलं! घरी मात्र त्याने मला नेलं. चतुराबाईने पदराने पुसलं, फळीवर ठेवलं, आणि माझी पाठ सपाट बघून वर बरणी ठेवली.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नाव बदललं. घरात पेढे वाटले. बरणीच्या झाकणावरही एक ठेवला होता. मला कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, यंत्राला दोष देण्याआधी आपण काय बोललो ते एकदा आठवत जा. मला न्याय हवा आहे. भर मांडवात, दोन्ही कर्ण्यांवरून माफी हवी आहे. माझं कडं परत हवं आहे.

आणि यातलं काहीच जमत नसेल, तर चतुराबाई, बरणीखाली एक फडकं तरी घाला. तेल बटणात उतरायलंय.