भिकाबाईची ओढणी हैदराबादला जाते

जुनी म्हणा, पण चिंधी म्हणू नका. मित्रांनो, मी एक ओढणी आहे. लाल मादरपाटाची, काठाला आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचं भरतकाम असलेली. माझे काही आरसे तडकले, काही पडले. उरलेल्यांतून मला चहूबाजूंचं दिसतं. समोरून कोण येतं, मागून कोण हसतं, सगळं.

माझा जन्म सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका बंजारा तांड्यावर झाला. भिकाबाईच्या आईनं जवळा बाजारहून कापड आणलं आणि लेकीच्या लग्नासाठी मला शिवलं. टाके इतके घट्ट घातले, की शेजारणी म्हणायच्या, "एवढं काहून गं?" ती म्हणायची, "माझी लेक डोक्यावर ओझं वाहणार हाय. हिनं दम धरला पायजे."

मी दम धरला. सेनगावजवळच्या सासरच्या तांड्यावर भिकाबाईनं माझ्यावरून पाण्याच्या घागरी वाहिल्या, कापसाची गाठोडी वाहिली. तिचा जगन तान्हा होता, तेव्हा शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला मला बांधून त्याच्यावर सावली केली. होळीच्या फेरात ती नाचायला लागली, की माझे आरसे असे चमकायचे, की लोक म्हणायचे, "भिकाबाई आली, ऊन पडलं."

मग तांड्यातल्या बायका साडी नेसू लागल्या. साडी काही माझी वैरीण नाही. पण माझ्या बहिणी एकेक करून पेटीत गेल्या. एकीच्या उशा झाल्या, एकीला उंदरांनी कुरतडलं. सगळ्या तांड्यात अंगावर वावरणारी मी एकटी उरले.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातले सगळे हैदराबाद बघायला निघाले. भिकाबाई, तिचा नवरा शंकरसिंग, मुलगा जगन, सून निता, नात प्रतिक्षा आणि निताच्या कडेवरचं तान्हं. हिंगोलीहून रेल्वेत बसल्यापासून निताचा एक हात प्रतिक्षाच्या मनगटावर होता. निता कॉलेज शिकलेली. तिचे डोळे माझ्या आरशांसारखेच, सगळीकडे फिरणारे.

चारमिनारपाशी पोरं मोबाईल घेऊन भिकाबाईच्या मागं लागली. "अम्मा, एक फोटो! किधर है तुमारा डान्स प्रोग्राम?"

भिकाबाई म्हणाली, "माझा नाच होळीला असतो. तांड्यावर ये, तुलाबी नाचवते."

प्राणिसंग्रहालयात तर लोक वाघाकडे पाठ करून तिचा फोटो काढू लागले. शंकरसिंग म्हणाला, "म्हातारे, वाघाच्या पोटावर तू पाय देऊन राहिली."

सगळे हसले. प्रतिक्षा मात्र आईच्या पदरामागं लपली. ते निताच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर निताने पिशवीतून नवी साडी काढली. "याडी, आज ही नेसा तुमी." आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि निता सासूलाही तेच म्हणायची. "लेकरू लाजून राहिलं. लोक हसतेत. मला सहन होत न्हाई."

निता वाईट नव्हती. तिला भीती वाटत होती, एवढंच. पण साडी बघून माझ्या कवड्या गार पडल्या.

भिकाबाईनं साडी हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, "आज बंजारा हिल्सला जायचं. आपल्या नावाचं गाव हाय. तिथं आपला एक जरी माणूस मला राम राम म्हणला, तर ही ओढणी मी मरेपर्यंत उतरवणार न्हाई. न्हाई म्हणला, तर आजच पेटीत टाकीन अन् तुझी साडी नेसीन. बराबर?"

"बराबर," निता म्हणाली.

जगन चाचरत म्हणाला, "याडी, तिथं बंगलेच बंगले हायत म्हणे."

"असू दे की. आपल्या लोकायनं बांधले असतील."

परक्या तांड्यावर गेलं, की आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरी जायचं, राम राम घालायचा, आपलं गाव आणि गोत सांगायचं, त्याच्या हातचं पाणी प्यायचं. त्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या दारात पाय ठेवायचा नाही. ही आमची रीत. म्हणून भिकाबाईनं गाठोड्यात भाकरीबरोबर गुळाचा मोठा खडाही बांधून घेतला. रिकाम्या हातानं नायकाकडे कसं जायचं?

रिक्षातून उतरलो, तर काचेच्या उंचच उंच इमारती आणि चकचकीत गाड्या. भिकाबाईनं पहिल्याच माणसाला विचारलं, "बाबा, नायकाचं घर कोणतं?" तो मोबाईलमधून मान वर न करता पुढे गेला. तिनं फुलवाल्याला विचारलं, गाडी पुसणाऱ्याला विचारलं. चढ संपेना, उन्हानं तान्हं रडू लागलं. एका मोठ्या दुकानात काचेआड माझ्यासारखीच एक ओढणी चौकटीत ठोकलेली होती. माझ्या आरशांत ती दिसली, तिच्या आरशांत मी.

जगन हळूच म्हणाला, "याडी, इथं आता तांडा न्हाई. नुसतं नाव उरलंय."

भिकाबाई एका झाडाखाली फूटपाथवर बसली. ती शब्दाची पक्की. तिचा हात कपाळावरच्या माझ्या काठाकडे गेला. मित्रांनो, मला वाटलं, झालं. आता पेटी.

तेवढ्यात समोरच्या इमारतीचा वॉचमन धावत आला. "ओ अम्मा, उठो! इधर नक्को बैठो. ये अच्छे लोगां की जगा है."

निता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "अन् आमी कोण हाओत?"

तिनं तान्हं जगनकडे दिलं. पहिल्यांदाच प्रतिक्षाचं मनगट सोडलं. डोक्यावर पदर घेतला, भिकाबाईसमोर उभी राहिली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "राम राम, नायक! आमी सेनगावकडून आलो. पाणी मिळंल का?"

भिकाबाईनं मान वर केली. मग तिचा हात खाली आला. मी होते तिथंच राहिले.

"राम राम. बस," ती म्हणाली. "कोणत्या गोताची गं तू?"

"राठोडाच्या घरची सून हाय."

"सासू कशी हाय?"

"हट्टी हाय. पण हाय आमची."

भिकाबाईनं तिला बाटलीतलं पाणी दिलं, गुळाचा खडा फोडून हातावर ठेवला. मग शंकरसिंग वाकून म्हणाला, "राम राम, नायक. घरात तर तुमचंच राज्य होतं, आता हैदराबादबी घेतलं का?" जगन आला. प्रतिक्षा आली, आणि तिनं तर दोनदा राम राम घातला, गूळ दोनदा मिळावा म्हणून.

वॉचमन गोंधळला. "कौनसे गांव के तुम लोगां?"

"याच गावचे," भिकाबाई म्हणाली. "पाटीवर बंजारा नाव लिव्हलंय, वाच की. घे, गूळ घे."

त्यानं मागं इमारतीकडे बघितलं, गूळ तोंडात टाकला. "अच्छा, खाना खा लो अम्मा. फिर जाना पडता."

"जाऊ की, बाबा. तांडा एका जागी कधी ऱ्हायला?"

आणि आम्ही तिथं बसून भाकरी खाल्ली. कुणी फोटो काढला, कुणी नाक मुरडलं. भिकाबाई चवीनं ठेचा खात होती. निताने साडी पिशवीच्या तळाशी सरकवली.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. जपून ठेवणं म्हणजे काय, ते माझ्या पेटीतल्या बहिणींना विचारा. तुमच्याही घरात अशी कुणी असेल, तर तिला बाहेर काढा. आरसा पडला तर दुसरा लावा, टाका उसवला तर घाला, पण तिला उन्हात न्या, माणसांत न्या. आणि कुणी म्हणालं, ही जागा तुमची नाही, तर आधी तिथं बसा, घोटभर पाणी प्या. मग त्याच्याशी बोला.