बाणाखालचा चौकोन

थोरल्या जावेच्या पोटात दुखत होतं, आणि ते औषधानं बरं होणारं नव्हतं.

सासऱ्यांचा भिंतीला लावायचे नक्षीदार कागद छापायचा कारखाना. नक्षी काढायचा प्रोग्राम थोरलीनं सहा वर्षं घासूनपुसून लिहिलेला. यंदा सासऱ्यांनी बारीक ठिपक्यांचा मोठा स्क्रीन असलेलं नवं मशीन आणलं आणि घोडं अडलं. नक्षी झकास दिसे, पण माऊसचा बाणच गायब! माऊस चालवणारा जुना ड्रायव्हर या नव्या स्क्रीनला ओळखच देईना. थोरलीनं आठ दिवस डोकं आपटलं. आणि धाकटी जाऊ, जिला या घरात अजून साखरेचा डबा सापडत नव्हता, तिनं दोन दुपारींत बाण हलता केला. माऊस किती सरकला एवढंच ड्रायव्हरला विचारायचं, बाण आपणच काढायचा. काढण्याआधी त्याखालचा नक्षीचा चौकोन उचलून ठेवायचा, बाण पुढे गेला की परत जागेवर चिकटवायचा. इतकं सोपं. सोपं होतं म्हणून तर थोरलीचा जळफळाट जास्त.

सासरे उठता-बसता धाकटीचे गोडवे गाऊ लागले. गुरुवारी मोठा व्यापारी यायचा होता. ज्या सुनेचं काम त्याला पटेल ती नव्या मशीनवर बसेल, दुसरी जिन्याखालच्या जुन्यावर, असं त्यांनी सांगून टाकलं. ती जिन्याखालची खुर्ची थोरलीच्या डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी तिला धाकटीच्या बाणात खोट सापडली. बाण नक्षीवर असताना रंग बदलला, की बाण हलल्यावर तिथे जुन्याच रंगाचा चौकोन चिकटे. रंग बदलण्याआधी बाण लपवायचा, मग पुन्हा दाखवायचा, दोन ओळींचं काम. धाकटीला सवय बाण कोपऱ्यात नेऊन रंग बदलायची, त्यामुळे तिला हे कधी दिसलंच नव्हतं. थोरलीनं तोंडाला कुलूप घातलं. पडू दे तोंडघशी, मोठी शहाणी आलीय!

गुरुवारी धाकटीनं मशीन सुरू केलं. पहिल्याच स्क्रीनवर ठिपक्याला ठिपका जोडून काढलेली अक्षरं होती: ‘नक्षी आणि प्रोग्राम, थोरल्या ताई’. स्वतःचा उल्लेख कुठेच नाही. थोरलीनं ती अक्षरं दोनदा वाचली. तेवढ्यात व्यापाऱ्यानं माऊस धरला, बाण वेलीवर ठेवला आणि रंग बदलला. हिरवी वेल निळी झाली, बाण हलला, मधे हिरवं ठिगळ. पुन्हा बदलला, दुसरं ठिगळ.

वेलीला कसर लागली का, असं व्यापाऱ्यानं विचारलं. सासरे थोरलीकडे रोखून बघत होते.

“बाबा, चूक माझी आहे,” धाकटी म्हणाली. “बाण माझा. ताईंची नक्षी चोख आहे.” मग हळूच थोरलीकडे वळली. “ताई, तुमच्या लक्षात नाही का हो आलं?”

नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

“आलं होतं,” थोरली म्हणाली. “सोमवारीच.”

तिनं कीबोर्ड ओढला, दोन ओळी घातल्या आणि उठली. व्यापाऱ्यानं वेल पसंत केली. दुसऱ्या दिवशी थोरली आपणहून जिन्याखाली जाऊन बसली.

धाकटीनं ती अक्षरं मात्र पुसली नाहीत. रोज सकाळी नवं मशीन सुरू झालं, की जिन्याखालून ती थोरलीला दिसत.