लाल कपाट

ज्योतिषीबुवांना मी पहिल्या दिवसापासून ओळखून होतो. हे नाव नर्सबायांनी ठेवलेलं. माणूस संगणकातला, पण हॉस्पिटलात वावरायचा असा, की सगळ्या डॉक्टरांना यानेच लहानाचं मोठं केलं. त्याचं यंत्र म्हणजे काय, तर पेशंटची नाडी, ताप आणि रक्तदाब तासातासाला कसे चढले-उतरले ती रेघ घ्यायची, जुन्या फाइलींतल्या तशाच रेघा शोधायच्या, आणि त्या माणसांचं पुढे जे झालं तेच याचं होणार म्हणून सांगायचं. आमच्या मोठ्या सिस्टर तीस वर्षं हेच काम नुसत्या मनगटाला बोट लावून करतात. त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

फाइली माझ्या ताब्यात. मी रेकॉर्ड रूम सांभाळतो. आठ महिन्यांपूर्वी हा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अहो फाइलवाले, ऑपरेशनच्या सगळ्या फाइली काढून ठेवा." मी उघड्या मांडणीवरच्या चार हजार काढून दिल्या.

"एवढ्याच?"

"एवढ्याच," मी म्हणालो.

लाल कपाटाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. दगावलेल्या पेशंटांच्या फाइली आमच्याकडे वेगळ्या, कुलपात ठेवतात. उद्या कोर्टाचं बोलावणं आलं तर कागद जागेवर हवा. ते उघडायला अधीक्षकांची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठीसाठी दोन जिने चढायचे. 'अहो फाइलवाले' म्हणणाऱ्यासाठी मी अर्धा जिनाही चढलो नसतो.

पुढे भिंतीवर फलक लागला, अंदाज ब्याण्णव टक्के बरोबर; चुकलेले आठ टक्के म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलेले. तरुण डॉक्टरांनी आपली अक्कल त्या फलकापाशी गहाण टाकली. मी खाली बसून त्यांना हसत होतो.

मग माझ्या ताईला दाखल केलं. आतड्याची गाठ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी वॉर्डात गेलो, तेव्हा मोठ्या सिस्टर तिच्या तक्त्यावर बोट ठेवून तरुण डॉक्टरला सांगत होत्या, "रात्रभर नाडी वाढतेय. दाब उतरतोय. मला आतला टाका सुटल्यासारखा वाटतोय. पोट उघडून बघायला हवं."

डॉक्टरने पेशंटकडे नाही, पडद्याकडे बघितलं. "सात केस जुळतात. सातही घरी गेल्या. उद्यापर्यंत थांबू."

ताईने माझा हात धरला. तिचा हात गार होता. "तोंड का पाडलंयस? यंत्र म्हणतंय मी घरी जाणार. तुझ्यापेक्षा शहाणं असेल ते."

ज्योतिषीबुवा शेजारीच उभे होते, नाकाने कांदे सोलत. मी विचारलं, "साहेब, अशी रेघ असलेलं कोणी दगावलंय का, तेवढं दाखवा."

त्याने बटणं दाबली. "नाही."

"चार हजारांत एकूण किती दगावले?"

"शून्य." आणि वर मान डोलावली. "तुमचं हॉस्पिटल उत्तम आहे हो."

चार हजार ऑपरेशनं आणि मेलेला एक नाही, याचं या शहाण्याला आठ महिन्यांत नवल वाटलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जिना उतरताना ध्यानात आलं, मेलेल्यांची किल्ली माझ्याच कमरेला होती.

चिठ्ठीबिठ्ठी न आणता मी कपाट उघडलं. आतड्याच्या ऑपरेशनच्या फाइली खाली बसून चाळल्या. नवव्या फाइलीत तक्ता सापडला. ताईच्या तक्त्याची नक्कल मागवून घेतली आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. एकोणीस तासांपर्यंत दोन्ही रेघा एकच दिसत होत्या. ताई एकोणिसाव्या तासावर होती. फाइलीतली रेघ सव्विसाव्या तासाला संपली होती.

तरुण डॉक्टरच्या वाटेला मी गेलोच नाही. मोठ्या सिस्टरना घेऊन थेट सर्जनबाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी उभ्या उभ्या दोन्ही कागद पाहिले आणि म्हणाल्या, "टेबल तयार करा." टाका सुटलाच होता.

ताई बाराव्या दिवशी घरी गेली. त्याच दुपारी ज्योतिषीबुवा माझ्या दारात आले. "बघा, यंत्राने सांगितलं होतं घरी जाणार. गेल्या. ही केस मी बरोबरमध्ये धरली."

मी अधीक्षकांची चिठ्ठी आणि किल्ली त्याच्यासमोर ठेवली. दोन जिने सकाळीच चढून आलो होतो. "आत दोनशे फाइली आहेत. दगावलेल्यांच्या. यंत्राला दाखवा."

त्याने किल्ली बोटाने मागे सरकवली. "त्या घातल्या तर ब्याण्णव खाली येईल हो."

जिभेवर बऱ्याच शिव्या तयार होत्या. म्हटलं, आधी याला कपाटाची नोंदवही दाखवू, मग देऊ. वही उघडली. यंत्र आल्यापासून कपाटात ऑपरेशनच्या अकरा फाइली वाढल्या होत्या. मी त्या एकेक काढून टेबलावर ठेवल्या. नऊ फाइलींच्या पहिल्या पानाला यंत्राचा कागद टाचलेला होता, 'घरी जाणार.'

"या आठ महिन्यांत आत आल्याच कशा?" तो म्हणाला. "मला कोणी सांगितलं का नाही?"

मी शिव्या गिळल्या. नोंदवहीत प्रत्येक फाइलीपुढे तारीख होती, वेळ होती, आणि कुलूप लावणाऱ्याची सही होती. अकराही सह्या माझ्या होत्या.