मातीत अंगठाभर

मी कापड मोजायचा लोखंडी गज बोलतोय. बोलतोय कसला, आज तर मी आनंदाने नुसता खणखणतोय! लांबी विचाराल तर बरोबर एक मीटर, पण दुकानात मला सगळे गजच म्हणत आले. दोन्ही टोकांना पितळी टोप्या, पाठीवर वजनमापवाल्या साहेबांनी ठोकलेले शिक्के. असा रुबाब.

माझा जन्म भट्टीतला. बरोबरचे भाऊ खिडक्यांना लागले. जन्मभर एका जागी उभे राहून रस्ता बघतायत बिचारे. माझं नशीब जोरावर, मी कापडाला लागलो.

माझे मालक शाळेत फार रमले नव्हते. माणसं, कापड आणि बोलणं, तिन्ही ते काउंटरमागेच शिकले. त्यांची एक सवय मला सुरुवातीला अजिबात पटत नसे. कापड माझ्या टोकाशी आणलं की ते तिथे अंगठा आडवा ठेवत आणि कात्री चालवत अंगठ्याच्या पलीकडून. म्हणजे दर मीटरला अंगठाभर कापड गिऱ्हाइकाला जास्त! अहो, मी शिक्क्याचा गज. माझ्या शब्दाला काही किंमत?

शेजारच्या गाळ्यातल्या शिंपी मास्तरांनी एकदा विचारलंच, "शेठ, हे कशाला?"

"कापड आटतं मास्तर, आणि माणूस फुगतो. मध्ये थोडी ढील नको?"

मास्तरांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

मालकांची दुसरी सवय गोष्टी सांगायची. एकदा एक बाई अस्तराचं कापड घ्यायला आल्या. मालकांनी गोष्ट अशी रंगवली की बाई घरभर पडदे घेऊन गेल्या आणि अस्तर विसरल्या. ते न्यायला परत आल्या, तेव्हा सोफ्याच्या खोळी घेऊन गेल्या. अस्तर अजून आमच्याकडेच आहे.

मग दुकान सूनबाईंच्या हाती आलं. बाई हुशार. तिने दिवे बदलले, फळ्या बदलल्या आणि काउंटरवर कापड मोजायचं यंत्र आणून बसवलं. एका बाजूने कापड सरकवायचं की लाल आकडे पळायला लागतात. बिनचूक. पण त्याला अंगठा नाही.

मालक यंत्राशी रोज भांडत. गिऱ्हाइकं खोळंबून राहत. शेवटी एका गृहस्थाची गाडी चुकली. मालकांची गोष्ट मात्र पूर्ण झाली. त्या संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही घरी आराम करा."

मालकांनी कात्री खाली ठेवली. मला काखेत मारून घरी आले. सगळ्या रस्त्यात त्यांनी एकालाही थांबवून गोष्ट सांगितली नाही, तेव्हाच मी ओळखलं, दुखणं मोठं आहे.

घरी आराम कुठला! दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाटातल्या सगळ्या चादरी जेवणाच्या टेबलावर काढल्या आणि मालकीणबाईंपुढे एकेक फडकवायला सुरुवात केली. "हा बघा, एकदम नवा माल! रंग गेला तर परत आणा!"

"अहो, ही माझीच चादर आहे. मला काय विकताय?"

"बाई, घाई नाही. हात लावून तर बघा."

मालकीणबाईंनी सरळ सुनेला फोन लावला. "तुझं दुकान माझ्या घरात आलंय. काहीतरी कर बाई."

सूनबाई आली ती दोन कुंड्या घेऊन. कुंड्यांत पामची दोन रोपं. एक भरदार, ते फाटकाशी जमिनीत लावलं. मालकांनी त्याचं नाव ठेवलं तागा. दुसरं मरतुकडं, ते स्वयंपाकघराच्या दाराशी. त्याचं नाव कटपीस.

"पप्पा, सौदा करू," सूनबाई म्हणाली. "दोघांतल्या कुठल्याही झाडाचं खोड तुमच्या गजाइतकं उंच झालं, की दर शनिवारी काउंटर तुमचं. यंत्रावर मी कापड टाकून ठेवीन."

"शब्द?"

"शब्द. पण खोड हं. पानं धरायची नाहीत."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. गेलेलं काउंटर परत मिळवायचा हा एकच रस्ता, आणि तो मातीतून वर येणार होता! आता गुपित सांगतो. पाम आधी रुंदीला लागतो आणि मग, मनात आलंच तर, उंचीला. हे सूनबाईंनी रोपवाटिकेत आधीच विचारून घेतलं होतं. म्हटलं ना, बाई हुशार.

मालक सकाळी उठले की आधी मला पुसत आणि रोपांशेजारी उभं करत. खोड अजून दिसतच नव्हतं, म्हणून तूर्त मधल्या कोंबाच्या टोकापर्यंत माप. कोंब म्हणजे सरळसोट हिरवी सुई. ती रोज वर सरके आणि मालक रोज फाटकातून ओरडत, "मास्तर, तागा चढला!" मास्तरांचं घर समोरच. ते गळ्यात टेप अडकवून येत, खाली वाकत आणि म्हणत, "फिटिंग छान आहे."

आणि एका सकाळी मालकांचा चेहरा पडला. त्यांनी मला उचललं, पुन्हा उभं केलं, पुन्हा उचललं.

"मास्तर! अहो मास्तर! झाड आटलं!"

मास्तर एका पायात चप्पल घालून धावत आले. टेप लावली. खरंच, टोक चांगलं वीतभर खाली आलं होतं. मास्तरांनी विचारलं, "पाणी लागलं होतं का याला?"

"रोज! बादलीने घालतोय."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जन्म कापडात गेलेली दोन माणसं!

"मग आटणारच, शेठ. कोरा माल. आधी भिजवून घ्यायला हवा होता."

"आता?"

"आता पाण्याचा थेंब नको. वाळलं की माप धरेल."

मी आतून किंचाळत होतो. अहो, झाड आटलं नाही, कोंब उलगडलाय! पण गजाला तोंड नसतं, म्हणून तर जगातले कितीतरी वाद लांबतात.

पाणी तुटलं. थोड्याच दिवसांत ताग्याच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मालकांचं निदान तयारच होतं: "ऊन लागतंय. शोकेसमधला माल असाच विटतो." लगेच मास्तरांनी एक जुना फुलाफुलांचा पडदा आणला आणि दोघांनी मिळून तो ताग्यावर पांघरला. पोस्टमनने फाटकातून डोकावून विचारलं, "पाहुणे आलेत का?"

तिकडे कटपीस मात्र हिरवागार. नवं पान, वर आणखी नवं पान. मालक छाती फुगवून मास्तरांना दाखवू लागले, "बघा! पाणी तोडलं आणि कसा सुटलाय!"

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. मालकीणबाई बाहेर आल्या आणि हातातलं पातेलं त्यांनी कटपीसच्या बुडाशी पालथं केलं.

"अगं, हे काय?"

"भाज्या धुतलेलं पाणी. रोज घालते."

"रोज? आणि हा आटला नाही?"

मालकीणबाईंनी आधी पडदा पांघरलेल्या ताग्याकडे बघितलं, मग या दोघांकडे. पदराने डोळे पुसले. आधी मला वाटलं रडतायत. नाही हो! हसून पाणी आलं होतं.

"अहो, कापडाचा तागा उभा केला की तुमच्या खांद्याला लागतो. उलगडला की लोळतो. तेवढ्याने आतलं कापड कमी होतं का? तो कोंब उभा होता, त्याचं पान उलगडलं, पान वाकलं. झालं!"

मास्तर आपल्या चपलांकडे निरखून बघू लागले. मालक असे हसत सुटले की त्यांना उलट्या कुंडीवर बसावं लागलं. हसताना त्यांच्या हातातून मी निसटलो आणि फरशीवर टणकन वाजलो. मीही हसतच होतो.

पडदा निघाला. ताग्याला पाणी मिळालं. तो बचावला, पण रुसला तो रुसलाच. त्याने अंग धरायला फार दिवस घेतले. सगळी आशा आता कटपीसवर.

मग कामाची रीत बदलली. मास्तर सर्वांत नव्या कोंबाला लाल दोरा बांधत. दोरा बांधलेलं पान वरच्या नव्या पानांखाली गेलं की नवा दोरा. जुनी पानं वाळून गळत आणि गळाल्या जागी खोडावर कडं उमटे. मी मोजायचं ते सर्वांत खालच्या हिरव्या पानाच्या बुंध्यापर्यंत, पुढे नाही. आणि घेर मास्तरांच्या टेपकडे.

"कंबर वाढतेय, उंची नाही," मास्तर कुरकुरत. "हा माझ्यावर गेलाय."

शनिवारची मात्र वेगळीच गोष्ट. त्या सकाळी मालक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर येत. मला खोडाशी उभं करत. बाकी असलेली उंची बघत. मग तसेच, इस्त्रीच्या शर्टात, पायरीवर बसत. मालकीणबाई चहा आणून देत आणि शर्टाविषयी काही विचारत नसत.

अशी वर्षं सरली. मालकांचे केस पार पांढरे झाले. कटपीसने एकदा जोर धरला तो धरलाच. कड्यावर कडं चढवत माझ्या गुडघ्याशी आला, कमरेशी आला, गळ्याशी आला.

आणि मग तो शनिवार उजाडला. सूनबाई सकाळीच दारात. "पप्पा, मोजलंत?"

मालकांनी मला फरशीच्या कडेशी टेकवून उभं केलं. माझं टोक आणि खोडाचा शेवट यांत जेवढी फट राहिली, तिच्यावर त्यांनी अंगठा आडवा ठेवला. फट नेमकी झाकली गेली.

"अंगठाभर कमी आहे गं. पुढच्या खेपेला बघू." आवाज हसरा होता, पण मी त्यांच्या मुठीत होतो, मूठ काय म्हणत होती ते मला ठाऊक.

"द्या इकडे. आपला माल आपण मोजायचा नसतो."

सूनबाईंनी मला हातात घेतलं. पहिल्यांदाच. फरशी सोडून तिने मला बुंध्याशी मातीत टेकवलं. सासूबाईंनी नुकतंच पातेलं पालथं केलेलं, माती लोण्यासारखी. तिने वरून हलकेच दाबलं. मी खाली गेलो. बरोबर अंगठाभर!

"भरलं," ती म्हणाली.

"अगं, पण तू गज रुतवलास!"

"थोडी ढील नको?"

"हे माप खोटं आहे!"

"माप कमी आहे म्हणून भांडणारी गिऱ्हाइकं रोज येतात पप्पा. जास्त दिलं म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "काल एक बाई आल्या होत्या. यंत्राकडे बघून विचारलं, 'हे बोलत नाही का?' चला आता. शर्ट तर घातलेलाच आहे."

मालकांनी पायरीकडे बघितलं, कटपीसकडे बघितलं, आणि चष्मा काढून उगाचच पुसत बसले. मालकीणबाईंनी दाराआडून ओरडून सांगितलं, "जा एकदाचे! आणि येताना चादरी आणू नका!"

मला उपसलं, काखेत मारलं आणि निघालो. पूर्वी ज्या रस्त्याने मुकाट्याने घरी आलो होतो, त्याच रस्त्यावर त्या दिवशी मालक चार जणांना थांबवून पामची गोष्ट सांगत गेले. पोहोचायला दुपार झाली. काउंटरवरच्या यंत्रावर कापड टाकलेलं होतं, कुठलं सांगू? तोच फुलाफुलांचा पडदा.

पहिलं गिऱ्हाईक एक मावशी. पांढरं सुती कापड हवं होतं. मालकांनी ते झोकात फडकवलं, माझ्या टोकाशी आणलं, अंगठा आडवा ठेवला. त्या टोकाची माती पुसायची राहून गेली होती. कापडावर मातकट डाग उमटला.

"अहो, ही माती कसली?"

मालकांनी डागाचा तुकडा बाजूला काढला, नवं कापड ओढलं आणि स्टूल पुढे केलं.

"आमच्या बागेतली. बसा, सांगतो."

तेव्हापासून सहा दिवस मी बागेत आणि शनिवारी दुकानात. ताग्याचंही खोड आता दिसू लागलंय. माझ्या अंगावर थोडा गंज आहे, शिक्के पुसट झालेत, पण अंगठ्यावर राग उरलेला नाही. मंडळी, एवढंच मागणं: जे मोजायचं ते खुशाल मोजा, फक्त शेवटी अंगठाभर सोडा. आणि शनिवारी आमच्याकडे जरूर या. गाडी पकडायची असेल तर मात्र येऊ नका.