कारणाचा रकाना

हाडांच्या डॉक्टरांना दोन सवयी होत्या. सही करण्यापूर्वी कागद वाचायचा नाही, आणि लिहिल्यावाचून भागत असेल तर लिहायचे नाही. वॉर्डच्या सिस्टर बारा वर्षे या सवयींचे निरीक्षण करत होत्या. अपवाद एकही आढळला नव्हता.

अडचण पाचव्या खाटेवरच्या प्लंबरकाकांची होती. मांडीचे हाड जोडून चार दिवस झाले होते, वॉकर धरून ते दारापर्यंत जात होते, तरी लघवीची नळी जागच्या जागी होती. मागच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अशाच विसरलेल्या नळीवाटे जंतू वर चढले आणि काकांचा मुक्काम तीन आठवड्यांनी लांबला. नळी जितके दिवस आत, तितकी जंतूंची सोय. पण डॉक्टर रोज "असू दे" म्हणून पुढे सरकत. नळी काढायला त्यांचा लेखी आदेश लागे. ठेवायला काहीच लागत नसे.

"सिस्टरबाई," काका म्हणाले, "काम संपलं की आम्ही तात्पुरता पाइप काढून नेतो. तुमच्यात तो भिंतीत चिणतात वाटतं."

सिस्टरांनी सोमवारच्या सह्यांच्या गठ्ठ्यात एक नवा नियम सरकवला. डॉक्टरांनी तो इतर कागदांसोबत मंजूर केला.

मंगळवारच्या फेरीत काकांच्या फाइलवर एक तक्ता होता. आज नळी कशासाठी हवी, ते डॉक्टरांनी स्वहस्ते लिहावे. रकाना कोरा राहिल्यास सिस्टर नळी काढतील.

हे कोणाच्या डोक्यातून निघाले, असे डॉक्टरांनी विचारले.

"तुमच्याच, सर. खाली सही आहे."

सही त्यांचीच असल्याने वाचता येत नव्हती, पण ओळखता आली. त्यांनी पेन उघडले, रकान्याकडे पाहिले, मग छताकडे. काका मदतीला धावले.

"'असू दे' लिहा की साहेब. दोनच शब्द आहेत."

पेनाला टोपण बसले. "काढा," डॉक्टर म्हणाले, आणि सहाव्या खाटेकडे वळले.

दुपारी काका वॉकर ठोकत संडासात गेले. सिस्टर दाराबाहेर घड्याळ पाहत उभ्या राहिल्या. लघवी अडली असती, तर नळी पुन्हा घालावी लागली असती आणि डॉक्टरांना कारण आयतेच मिळाले असते. सात मिनिटे गेली. आठवे निम्मे सरले.

"सिस्टरबाई," आतून आवाज आला, "लाइन मोकळी आहे. प्रेशर जरा कमी, पण ते जुनंच."