पहिल्या शनिवारची कच्चेरी

बावन्न सालच्या वादळानं तंजावूरच्या गानसभेचं छप्पर उडवून नेलं, तेव्हापासून सभेच्या दाराला कुलूप होतं. गाण्याची कच्चेरी नाही, कथा नाही, नाटक नाही. संध्याकाळी लोक नुसतेच तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसून डास मारायचे. पंचावन्नचा पोंगल झाला आणि नवे पत्रे चढले. मग सभेचे सेक्रेटरी श्रीनिवासराव यांनी राजवाड्याच्या भिंतीपासून रेल्वे स्टेशनापर्यंत तांबडे तमिळ कागद चिकटवून घेतले. सात शनिवार, सात कार्यक्रम. वीणा, हरिकथा, नागस्वरम, भरतनाट्य, असं सगळं होतं. शेवटच्या शनिवारी राजवाड्यामागच्या मराठी घरांतली मंडळी मराठी नाटक करणार होती. नटांपैकी निम्म्यांना देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी आपापली भाषणं तमिळ अक्षरांत उतरवून घेतली होती.

पण कागदावर सर्वांत मोठं नाव होतं नागलक्ष्मीचं. पहिल्या शनिवारी ती गाणार होती.

नागलक्ष्मी राजवाड्यामागच्या याच मराठी गल्लीतली. लग्न होऊन मद्रासला गेली आणि रेडिओमुळे घराघरांत पोचली. तिचा वरचा षड्ज ऐकायला लोक कुंभकोणमहून यायचे. मग गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती चारचौघांत गायची थांबली. श्रीनिवासराव मद्रासला जाऊन तिला भेटले, तेव्हा ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "आपल्या गावची सभा पुन्हा उघडते आहे, नागू. पहिलं गाणं तुझंच पाहिजे," असं त्यांनी चार वेळा सांगितल्यावर तिनं मान हलवली.

सभेचे अध्यक्ष सूर्यनारायण वकील यांना हे अजिबात पसंत नव्हतं.

"राव, गळा कापलेली बाई! पहिल्याच दिवशी आवाज फुटला तर पुढच्या शनिवारांना कोण येईल? दुसरा कोणी गवई तयार ठेवा."

"तिच्या कानावर गेलं तर ती गाडीतच बसणार नाही," राव म्हणाले. दुसरा गवई त्यांनी ठेवला नाही.

नागलक्ष्मी आली आणि रावांच्याच घरी उतरली. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. कापी प्यायला हवी असली तर खूण करायची, नको असली तर हसायची. डॉक्टरांनी सांगितलं असेल, गळा जपत असेल, असं समजून घरात कोणी तिला बोलतं केलं नाही.

शनिवारी सकाळी रावांची बायको सरोजा तांदळाचे वडाम वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. विहिरीपलीकडे, केळींच्या आड, कोणीतरी गात होतं. गल्लीतल्या बायका पाळण्याशी म्हणतात तसलं जुनं मराठी गाणं. आवाज खालचा होता, भरलेला, थोडा जाडसर. सरोजानं हातातलं ताट खाली ठेवलं आणि ती पायरीवर बसून राहिली.

गाणं संपल्यावर केळींतून नागलक्ष्मी बाहेर आली आणि सरोजाला पाहून जागीच थबकली.

"वैनी, अण्णांना सांगू नका," ती म्हणाली. रावांना ती अण्णा म्हणे. या घरात तिनं उच्चारलेले हे पहिले शब्द.

"काय सांगू नको? इतकं चांगलं तर गात होतीस."

"हा माझा आवाज नव्हे. माझा गेला. वर जायला लागले की फुटतो. मद्रासला दार लावून किती वेळा करून बघितलं. आता एवढाच उरलाय."

"मग आज काय गाणार होतीस?"

"जुन्याच पट्टीत बसणार. फुटला तर फुटला. लोकांना एकदा कळलं म्हणजे कोणी बोलवायचं नाही, आणि मला नाही म्हणत बसायला नको."

"मला पट्टी वगैरे कळत नाही, नागू. पण तुझं पूर्वीचं गाणं ऐकताना मला भीतीच वाटायची. ही आता पडते की काय, असं. जीव मुठीत धरून बसायचे. आज पहिल्यांदा मी नीट बसून ऐकलं."

नागलक्ष्मीचे डोळे भरून आले. सरोजानं मग तिचं काही ऐकलं नाही. तिचा हात धरून तिला सरळ पुढच्या तिण्णैवर नेलं आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

राव खांबाला टेकले. वकिलांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार. मग ते म्हणाले, "या खालच्या पट्टीत तू पूर्ण कच्चेरी गाशील?"

"गाईन. पण अण्णा, लोक ते ऐकायला येणार नाहीत."

"ते लोकांना ठरवू दे. तू गाशील ना?"

"गाईन," ती म्हणाली. या वेळी तिनं मद्राससारखी नुसती मान हलवली नाही.

तंबोरा खालच्या सुरात उतरवणं सोपं होतं. व्हायोलिनवाल्यानंही हरकत घेतली नाही. अडलं ते मृदंगावर. मृदंग वाजवणारे गुरुमूर्ती सकाळीच तिरुवैयारुहून आले होते, बाईंच्या उंच पट्टीचा लहान मृदंग घेऊन.

"राव, हा इतका खाली उतरायचा नाही," ते तोंडावर हात फिरवत म्हणाले. "मोठा घरी राहिला. इथं ज्यांच्याकडे आहे, ते सगळे लग्नांत वाजवायला बाहेरगावी गेलेत."

"मग?"

"मग काय, जातो आणि आणतो. दुपारची बस आहे. चारपर्यंत परत येईन."

चार वाजले. पाच वाजले. सभेच्या दाराशी सायकली लागल्या, घोड्यांचे जटके उभे राहिले, बायकांच्या बाजूला जाईच्या फुलांचा घमघमाट सुटला. इतकी गर्दी त्या जागेनं जुन्या छपराखालीही पाहिली नव्हती. वकील पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत येरझाऱ्या घालत होते. पट्टी बदलल्याचं त्यांना नुकतंच कळलं होतं.

"आवाज नाही, मृदंग नाही, आणि ही एवढी माणसं! राव, मी काय तोंड दाखवू?"

राव उत्तरेच्या, तिरुवैयारुच्या रस्त्याकडे बघत होते.

सहाला थोडा अवकाश होता, तेव्हा एक सायकल घंटी वाजवत गर्दीत शिरली. मागच्या कॅरियरवर गुरुमूर्ती बसले होते, मांडीवर मृदंग, अंग घामानं निथळत. वेण्णारच्या पुलावर भाताच्या पेंढ्यांनी भरलेली गाडी आडवी झाली होती आणि बस अडकून पडली होती. गुरुमूर्ती उतरले, मृदंग खांद्यावर घेऊन पेंढ्यांवरून पलीकडे चढून गेले, आणि तंजावूरकडे निघालेल्या एका अनोळखी माणसाला हात जोडून त्याच्या सायकलीवर बसले.

"आधी पाणी," ते म्हणाले, "मग कच्चेरी."

पडदा वर गेला. नागलक्ष्मीनं पहिला स्वर लावला, तसं पुढच्या रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मागे कोणीतरी कुजबुजलं. राव दाराशी उभे होते, त्यांना ती कुजबूज स्पष्ट ऐकू आली. सुरुवातीचा वर्णम गाऊन संपला आणि टाळ्या पडल्या त्या बेताच्याच.

मग तिनं संथ आलापना घेतली. खालच्या सप्तकात उतरली, पूर्वी कधी उतरली नव्हती तितकी, आणि घाई न करता तिथं फिरत राहिली. कुजबूज केव्हा थांबली ते कळलंच नाही. शेवटी ती वर चढायला लागली. ती वरच्या षड्जावर पोचली. आता तो पूर्वीइतका उंच नव्हता. पण ती त्यावर सहज उभी राहिली, न थरथरता, आणि गुरुमूर्तींच्या मोठ्या मृदंगानं तिला खालून हात दिल्यासारखा नाद दिला. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं "आहा!" म्हटलं आणि मग सगळी सभाच म्हणाली.

राव दाराच्या पायरीवर बसले. शेजारी वकील येऊन बसले.

"राव," वकील म्हणाले, "शेवटचं मंगलम झाल्यावर लगेच पुढच्या शनिवारच्या हरिकथेचं सांगा. लोक उठायच्या आत."

"तुम्हीच सांगा. माझा आवाज निघणार नाही."

वकिलांनीच सांगितलं, आणि उत्साहाच्या भरात मराठी नाटकाचंही, तेही दोनदा.

घरी जेवताना नागलक्ष्मी एकसारखी बोलत होती. मद्रासचं, रेडिओचं, सासूचं, डॉक्टरच्या मिशांचं. सरोजा हसून हसून दहीभात वाढायचं विसरली.

दुसऱ्या दिवशी ऊन तिण्णैवर आलं तरी राव तिथंच चटईवर गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून. उरलेल्या सहा शनिवारांची तिकिटं मागायला माणसं येत होती. सरोजा दारातूनच हळू आवाजात त्यांना परतवत होती, "दुपारी या हो. ते झोपलेत. झोपू द्या."