काकांचं तिरकं नाटक

काकांचं नाटक जुळणीला माझ्याकडे आलं, कारण घराण्यात अक्षरजुळणीचा धंदा करणारा पुतण्या मी एकटाच. हौशी मंडळींचं दिग्दर्शन करणाऱ्या डॉक्टरीणबाई (दिवसा दात, संध्याकाळी नाटक) म्हणाल्या होत्या, "नीट छापलेली प्रत आणा, मग वाचून बघू." त्या 'बघू'वर काकांची झोप टांगलेली होती.

नाटकात एक रीत असते. पात्रं जे बोलतात ते उभ्या अक्षरांत, जे करतात ते इटालिकमध्ये, म्हणजे तिरक्या अक्षरांत. मी जुन्या वळणाचा इटालिक निवडला. हल्ली लोक संगणकात उभं अक्षर ढकलून तिरकं करतात; ते पडायला आलेल्या कुंपणासारखं दिसतं. खरा इटालिक मुळापासून वेगळा काढलेला असतो, बोरूनं लिहिल्यासारखा. त्यातला इंग्रजी एफ तर ओळीखाली पाय सोडून निवांत बसतो. अक्षरं अंग चोरून उभी राहतात, आणि वाचताना कुणी कानाशी हळू बोलतंय असं वाटतं. म्हणून तो चिमटीनं वापरायचा.

काकांनी घमेल्यानं ओतला होता.

'माणूस खिडकीशी जातो. पडदा सरकवावा की नाही, याचा विचार करतो. तो सुखी आहे, पण हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.' असं दीड पान. मग उभ्या अक्षरांत बायको म्हणते, "चहा?" पुन्हा दीड पान तिरकं.

काकूंनी प्रत हात लांब करून पाहिली. "अगबाई, सगळं नाटक वाऱ्यानं झुकलंय!"

"टाइपचा दोष आहे," काका माझ्यावर घसरले. "सगळं सरळ कर."

"मग कोण काय बोलतंय ते कळणार नाही, काका."

"घरात तरी कुठे कळतं?" काकू म्हणाल्या.

वाचनाला मुख्य नटानं पानं चाळली. "मला चार वाक्यं आहेत. त्यातली दोन 'हं' आहेत."

"तोंडं उघडायला लावायचं काम मी दिवसभर करतेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथेही कुणी उघडणार नसेल तर..." आणि त्यांनी प्रत मिटली.

काकांचा चेहरा पडला. "अहो, पण तो खिडकीशी जातो ना, तेव्हा बघा..." असं म्हणत त्यांनी ते दीड पान वाचलं. हळू, घाई न करता. एरवी काका बोलले की शेजारचे खिडक्या लावून घेतात. पण इथे खुर्च्यांची कुरकुर थांबली. नट कधी उठला, कधी खिडकीशी गेला, त्यालाही कळलं नाही. तो पडद्याला हात लावून विचार करत उभा होता.

डॉक्टरीणबाईंनी प्रत पुन्हा उघडली. "काका, तुम्ही रंगमंचाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं. तिरकं तेवढं सगळं तुमचं."

म्हणजे नाटकातली सर्वांत मोठी भूमिका.

प्रयोगाच्या पत्रकात मी काकांचं नाव इटालिकमध्ये घातलं.

"बाकीच्यांची सरळ, माझंच तिरकं का?" त्यांनी विचारलं.

"राहू दे हो," काकू म्हणाल्या, "खुलून दिसतंय." आणि पत्रकाच्या आणखी चार प्रती पर्समध्ये टाकल्या.